मदत हवी आहे: मालीश करणाऱ्यांची संघटना काढतोय. नोंदणी कुठली, सभासद कोण?

नमस्कार मंडळी,

कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात मालीशवर पोट असणाऱ्यांची एक संघटना काढायचं घाटतंय. मी पंचकर्म केंद्रात अभ्यंग, पिंडस्वेद (औषधी पुरचुंडीचा शेक) वगैरे करतो. बाकी मंडळींत तालमीत पैलवानांची मालीश करणारे आहेत, हे काम रीतसर शिकलेले दोन दृष्टिहीन मित्र आहेत आणि बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या मावश्या आहेत.

कारण सांगायला नकोच. गाळा भाड्याने बघायला गेलं आणि 'मसाज' म्हटलं की मालकाचा चेहरा बदलतो. स्पावरच्या धाडीची बातमी आली की पुढचे काही दिवस ओळखीची गिऱ्हाइकंसुद्धा चेष्टा करतात. फिजिओथेरपीवाल्यांना २०२१ च्या कायद्याने चौकट मिळाली, तशी आम्हाला नाही. निदान ओळखपत्र, आचारसंहिता आणि गिऱ्हाईक वेडंवाकडं वागलं तर पाठीशी उभं राहणारं कोणीतरी हवं.

नोंदणी संस्था म्हणून करावी की कामगार संघटना म्हणून? हा झाला सोपा प्रश्न.

खरं घोडं अडलंय सभासदत्वावर. बैठकीत कोर्स केलेल्यांचं म्हणणं पडलं, प्रमाणपत्र असेल त्यालाच घ्या, नाहीतर कोणीही उठून सभासद होईल. त्यावर एका मावशींनी तिथल्या तिथे सतरंजीवर पाय पसरले, पदराची घडी पायांवर ठेवली आणि बाळ कसं पालथं घेतात, मानेखाली हात कसा राहतो ते दाखवलं. म्हणाल्या, "ह्याचा कागद कोण देतंय?" कोणालाच उत्तर देता आलं नाही. मला तर मावश्यांशिवाय संघटना नकोच आहे, पण उद्या कोणाच्या हातून इजा झाली तर नाव सगळ्यांचं जाणार. काय करावं?

प्रतिसाद १
संस्था करायची तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात. आपल्याकडे ते काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतं आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालची नोंदणीही सोबत करावी लागते. उद्दिष्टांत नुसतं 'सभासदांचं हित' लिहू नका, प्रशिक्षण आणि आरोग्य-जागृती ठळक घाला. दरवर्षी हिशेब तपासणी, आणि कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज. नोंदणी झाली की लोक सुस्तावतात, बदल अर्ज राहून जातात आणि मग जुन्या-नव्या कार्यकारिणीचं भांडण वर्षानुवर्षं चालतं.

प्रतिसाद २
कामगार संघटनेचा विचार लगेच सोडू नका. इला भट्ट यांच्या 'सेवा' या स्वतःच्या कष्टावर कमावणाऱ्या बायकांच्या संघटनेची अहमदाबादला १९७२ साली नोंदणी करताना सरकारी आक्षेप हाच होता की या बायकांना मालकच नाही, मग संघटना कोणाविरुद्ध? संघटना कोणाच्या विरोधात नसून कष्टकऱ्यांच्या एकीसाठी असते, हे त्यांनी पटवून दिलं. तुमच्या मावश्यांची स्थिती तीच आहे.

प्रतिसाद ३
फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून थोडं स्पष्ट लिहिते. प्रमाणपत्र बघण्यापेक्षा तोंडी परीक्षा घ्या, आणि मालीश कधी करायची नाही एवढंच विचारा. एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर हात लावायचा नाही, आत रक्ताची गुठळी असू शकते. सिझेरियनच्या टाक्यांवर दाब नको. बाळाच्या नाकाकानांत तेल सोडायचं नाही, यावर मावश्या वाद घालतील, तरी माघार घेऊ नका. आणि ही परीक्षा कोर्सवाल्यांनाही द्यायला लावा. त्यांतलेही गळतील!

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. तोंडी परीक्षेचं एकदम पटलं, पुढच्या बैठकीत तेच मांडतो. नोंदणी बहुधा संस्था म्हणूनच करू, कारण आम्हाला शिकवण्या घ्यायच्या आहेत. पण 'सेवा'चं उदाहरण मावश्यांना नक्की सांगणार. नियमावलीचा मसुदा इथे टाकतो, फोटो नाही, टाइप केलेला मजकूर. फोटो टाकला की आमच्या दृष्टिहीन मित्रांचा फोन तो वाचून दाखवत नाही, आणि दोघांनी त्यावरून मला आधीच झापलंय.

सातारा भागात बाळंतिणीचं काम करणारं कोणी ओळखीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तिकडून अजून एकही मावशी आलेली नाही.