युरोपचा डेटा कायदा: क्लाउड सोडायचा हक्क खरंच हाती आला का?

मुशाफिर
जर्मनीत एका मध्यम कंपनीचा क्लाउड, म्हणजे भाड्याने घेतलेले दूरचे सर्व्हर, मी सांभाळतो. काही वर्षांपूर्वी पुरवठादार बदलायचं ठरवलं होतं. आमचाच डेटा बाहेर काढायचा खर्च पाहिला आणि बेत गुंडाळला. आत टाकायला फुकट, बाहेर न्यायला गिगाबाइटमागे पैसे! गोदामातला माल माझा, मग तो उचलताना दंड कशाचा?

१२ सप्टेंबर २०२५ पासून युरोपीय संघाचा डेटा कायदा लागू झाला. आता क्लाउड सोडायची नोटीस जास्तीत जास्त दोन महिन्यांची, आणि पुढच्या ३० दिवसांत स्थलांतर. तांत्रिक अडचण असेल तर सात महिन्यांपर्यंत मुदत, पण कारण द्यावं लागतं. १२ जानेवारी २०२७ पासून स्थलांतराचं शुल्क पूर्ण बंद. हा कायदा आधीच यायला हवा होता.

रानवारा
शुल्क हा खरा अडसर नाहीच. तुमचा प्रोग्रॅम त्या पुरवठादाराच्याच डेटाबेसवर आणि त्याच्याच लॉगिन-व्यवस्थेवर उभा असतो. तो नव्याने लिहायला वर्ष जातं, त्याचे पैसे कोण देणार? नव्या जागी काम पूर्वीसारखंच चालावं यासाठी मदतीचं बंधन फक्त नुसते सर्व्हर आणि साठवण पुरवणाऱ्यांवर आहे. बाकीच्यांनी डेटा वाचता येईल अशा स्वरूपात दिला आणि इंटरफेस, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमने जोडून घ्यायची सोय, खुले ठेवले की त्यांची जबाबदारी संपली. शिवाय तीन वर्षांचा करार मध्येच मोडला तर दंड लावायला कायद्याची आडकाठी नाही.

मुशाफिर
दंडाचं मान्य, ते मोठं भगदाड आहे. पण कायदा जानेवारी २०२४ मध्ये अस्तित्वात आला, त्याच महिन्यात गूगलने आणि मार्चमध्ये ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्टने सोडून जाणाऱ्यांचं शुल्क काढलं. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

ऐरण
तुम्ही क्लाउडवरच अडकलात. मी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आहे. याच कायद्याने आमच्या यंत्रातून निघणारा डेटा गिऱ्हाईक मागू शकतो, तिसऱ्याला देऊ शकतो. स्पिंडलवरच्या, म्हणजे यंत्राच्या फिरत्या दांड्यावरच्या, भाराचा आलेख जाणकाराच्या हाती पडला तर आमची अर्धी प्रक्रिया त्याला कळते. त्यावरून स्पर्धक यंत्र बनवायला बंदी आहे, पण बनवलं हे सिद्ध कसं करायचं? पन्नासपेक्षा कमी माणसांच्या छोट्या कंपन्यांना सूट आहे, आम्ही दोनशे जण आहोत.

कानस
मी हॉलंडमध्ये अशी यंत्रं चालवणाऱ्या वर्कशॉपमध्ये आहे. यंत्र अडलं की आम्हाला दिसतो फक्त लाल दिवा, बिघाडाचा तपशील कंपनीच्या सर्व्हरवर. त्यांचा माणूस येईपर्यंत दोन पाळ्या रिकाम्या जातात, आणि गावातला मेकॅनिक दारात उभा असून काही करू शकत नाही. लाखो युरो मोजून घेतलेल्या यंत्राचं दुखणं आम्हालाच का कळू नये? गुपित फुटण्याची भीती असेल तर गोपनीयतेचा करार करा, कायदा तेच सुचवतो. आणि ज्यांना युरोपने द्वारपाल ठरवलंय त्या बड्या डिजिटल कंपन्यांना हा डेटा घेताच येत नाही.

ऐरण
मेकॅनिकला बिघाडाचे कोड द्यायला माझी हरकत नाही, ते पूर्वीच द्यायला हवे होते. कायद्यात कच्चा डेटा येतो, त्यावरून आम्ही काढलेले निष्कर्ष येत नाहीत. पण कच्चा कुठे संपतो? सेन्सरचा आकडा गाळून, सरासरी काढून आम्ही जो देतो तो कशात मोडतो? आमचे आणि गिऱ्हाइकाचे वकील दोन महिने याच एका कलमावर अडून बसलेत.