समुपदेशकाकडे गेल्यावर आत नेमकं काय झालं? मराठवाड्यातले अनुभव लिहा

आपल्याकडं घरात ताण वाढला की आधी भावकी बसते, मग मामा-मावश्या येतात, मग कुणीतरी देवऋषाचं नाव काढतं. समुपदेशकाची पाळी फार उशिरा येते. आणि जे जाऊन आले तेही आत काय झालं ते सांगत नाहीत, त्यामुळं मागच्यांची भीती तशीच राहते. म्हणून हा धागा. "बरं वाटलं" एवढ्यावर थांबू नका. काय विचारलं, काय करायला सांगितलं, घरी आल्यावर त्यातलं काय जमलं, ते लिहा. नावं नकोत. गाव सांगायलाच पाहिजे असंही नाही.

कुणाच्या मनात या घडीला जीव देण्याचे विचार असतील तर वाचणं थांबवा आणि १४४१६ लावा. टेली मानस ही सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं.

परभणी जिल्हा, शेतकरी घरातली सून

माझ्या थोरल्या दिरांचं सांगते. लागोपाठ सोयाबीन पाण्यात गेलं, बँकेचं थकलं, वर सावकाराचं. दादा रात्रभर अंगणात फेऱ्या मारायचे. जेवण अर्ध्यावर, बोलणं बंद. सासूबाई म्हणायच्या, नजर लागली. गावातल्या आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याच्या आशा कार्यकर्त्या, विचारपूस करत आल्या, झोप लागते का, भूक लागते का. त्यांनी जाऊबाईंना बाजूला घेऊन सांगितलं की यांना जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा.

दादा म्हणाले, "मला येडं ठरवायलेत का?" आशाताई म्हणाल्या, झोपेसाठी दाखवू. त्यात खोटं काही नव्हतं, झोप खरंच उडाली होती.

डॉक्टरांनी आधी एकट्याला बसवलं. नंतर जाऊबाईंना आत घेऊन, दादांच्या परवानगीनं सांगितलं की यांच्या मनात जीव द्यायचं येतंय. जाऊबाई म्हणाल्या, "आम्ही कधी विचारलंच नाही, विचारलं तर नसलेलं डोक्यात भरेल म्हणून." डॉक्टर म्हणाले, विचारल्यानं विचार येत नाही, माणसाला बोलायला वाट मिळते.

त्याच दिवशी फवारणीची औषधं घरातून हलवली. शेतातल्या आखाड्यावरचीही. चुलत सासऱ्यांच्या कोठीत कुलूप लावून ठेवली, चावी त्यांच्या कमरेला. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, मनानं बंद करू नका, हे बजावलं होतं. सुरुवातीला तोंड कोरडं पडायचं, गुंगी यायची, तेव्हा हेच सांगणं उपयोगी आलं.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते समुपदेशक ताईंचं काम. त्यांनी कागद काढून देणं लिहायला लावलं: कुणाचं, किती, कधीपर्यंत, कोण थांबेल. डोक्यात ते सगळं मिळून एक डोंगर झालं होतं, कागदावर थोड्या ओळी निघाल्या. कोणत्या ओळीसाठी कोण सोबत जाणार तेही ठरलं. कर्जाच्या पुनर्गठनाचं, म्हणजे हप्ते नव्यानं बांधून घ्यायचं, विचारायला मामा बँकेत गेले. कर्ज अजून आहे. दादा झोपतात, रानात जातात.

धागाकर्ता: ताई, फार नीट लिहिलंत. औषधं कुलपात ठेवायची गोष्ट ज्यांच्या घरी फवारणी होते त्या प्रत्येकानं वाचावी. रागाच्या, निराशेच्या भरात हात जिथं पोचतो तिथं विष नसणं, यानं जीव वाचतात. आणि आशाताईंचं म्हणाल तर शेतकरी कुटुंबांसाठी राज्याचा प्रेरणा प्रकल्प आहे, त्यात ही घरोघरची विचारपूस त्यांच्याकडंच असते. त्या आल्या तर खरं सांगा.

उदगीरकडची आई, मुलगी लातूरला नीटच्या तयारीला

टेस्टच्या आदल्या रात्री तिला उलटी व्हायची, छाती धडधडायची. ईसीजी नीट आला, डॉक्टरांनीच समुपदेशकाकडं पाठवलं. मुलीशी बोलून झाल्यावर आम्हा दोघांना बसवून विचारलं, फोनवर तुमचा पहिला प्रश्न कोणता असतो? मुलगीच म्हणाली, "किती पडले." मग ठरलं की महिनाभर मार्कांचा विषय तिनं काढला तरच निघेल. तिला श्वासाचा सराव दिला, घेण्यापेक्षा सोडणं लांब. आणि नर्सिंग, फार्मसीचे अर्ज आत्ताच भरून ठेवायला सांगितलं. ह्यांना वाटलं त्यानं अभ्यास ढिला पडेल. पडला नाही, उलट उलट्या थांबल्या.

छत्रपती संभाजीनगर

आमच्याकडं प्रत्येक बैठकीत एकच निकाल: सोस थोडं, नांदायला जा. शेवटी मावशीनं पोलिसांच्या महिला समुपदेशन केंद्रात नेलं. तिथल्या ताईंनी मला एकटीला बसवून विचारलं. मारतो का, कधी गळा दाबलाय का, लेकरांसमोर का. मग म्हणाल्या, मारहाण चालू असताना मी दोघांना समोरासमोर बसवणार नाही, तू तिथं खरं बोलू शकणार नाहीस आणि घरी गेल्यावर त्याचीच शिक्षा भोगशील. ज्यांच्या घरी मार आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं. मार असेल तर "दोघं मिळून समजून घ्या" हा सल्ला धोक्याचा आहे.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण अधिकारी असतो, सासरच्या घरात राहायचा हक्क असतो आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, हे मला तिथं कळलं. आधार, लेकरांचे दाखले, पासबुक आधीच मावशीकडं नेऊन ठेवायला सांगितलं. रात्री-अपरात्रीसाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आणि पोलिसांचा ११२. काडीमोडाचं माझं अजून ठरलेलं नाही. तिथं कुणी घाई करत नाही.

बीड जिल्हा, ऊसतोड कामगार

आमचा कोयता, म्हणजे आम्ही नवरा-बायको, दसऱ्यानंतर कारखान्यावर जातो. पोरगं आजीजवळ. परत आलो तर बोलंना, जेवताना उठून जायलं. शाळेतल्या बाईंनी समुपदेशकाची गाठ घालून दिली. पोरानं तिथं सांगितलं, "हे कधी जाणार, कधी येणार, मला कुणी सांगतच नाही. सकाळी उठलो की नसतात." बायको लई रडली. आता निघायची तारीख त्याला आधी सांगतो, कॅलेंडरवर तोच खूण करतो. फोनचा वार ठरवलाय, ट्रक भरायचा असला तरी त्या टायमाला लावतो. हंगामी वसतिगृहाचं विचारलं तर तो म्हणाला आजीजवळच राहतो. त्याचं ऐकलं.

जालना

नवऱ्याची दारू. शपथ घेऊन एकदम सोडली आणि हात थरथरायला लागले, भास व्हायला लागले, भरती करावं लागलं. रोज पिणाऱ्यानं एका दिवसात सोडणं जिवावर बेतू शकतं. माळ घालायची तर जरूर घाला, पण डॉक्टरांच्या देखरेखीत. मी स्वतः दारू पिणाऱ्यांच्या नातेवाइकांच्या गटात जाते, तिथं बायकाच जास्त.

किल्लारी परिसर

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६ चा भूकंप. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपले होते. माझी धाकटी बहीण त्यात गेली. पुनर्वसनाच्या घरात आई आत झोपलीच नाही, कायम ओट्यावर. सप्टेंबर लागला की तिचा रक्तदाब चढायचा. बऱ्याच वर्षांनी लातूरला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी त्या रात्रीबद्दल तिला बोलतं केलं, जेवढं झेपेल तेवढंच. आम्हाला म्हणाले, आत झोपायची बळजबरी करू नका, खाट दाराशी टाका, आणि गेलेल्या लेकराचं नाव घरात घ्या. आम्ही इतकी वर्षं ते नाव आईसमोर काढत नव्हतो. आता ती नातवंडांना तिच्या खोड्या सांगते. बाहेर झोपायची सवय आहे तशीच आहे.

नांदेड

वडील म्हणतात मला काय धाड भरलीय. न्यावं कसं? आणि खर्च?

परभणीची सून: झोप, भूक, अंगदुखी, त्यांना स्वतःला जे खुपतंय त्यासाठी न्या.

धागाकर्ता: तयार नसतील तर पहिल्यांदा तुम्ही एकटे जा, घरच्यांशी कसं बोलायचं हेही समुपदेशक सांगतात. सरकारी रुग्णालयात केसपेपरवर काम होतं, मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते आधी विचारा. भरती करावं लागलं तर, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आरोग्य विम्यात मानसिक आजारही धरावा लागतो.

नांदेड: सोमवारी जातो. बापूंना रक्तदाबाची गोळी चालू आहे, सांगायचं ना?

धागाकर्ता: हो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. आयुर्वेदिक घेत असतील तर तीही.