अनुभव धागा : आपल्या नावावर सिम किती?

परवा संचार साथीवर, म्हणजे आपल्या नावावर किती सिम आहेत ते दाखवणाऱ्या सरकारी वेबसाइटवर, सहज नंबर घालून बघितला. माझ्या नावावर पाच सिम. दोन मी वापरतो, एक आईकडे. उरलेली दोन कुणाच्या खिशात? मग आठवलं. बाजारात छत्री लावून बसलेल्या पोराकडनं कार्ड घेतलं होतं. "काका, अंगठा लागंना, परत लावा." तीनदा लावला. माझा अंदाज, बाकीचे दोन अंगठे तिथंच खपले.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात कुणाला असं काही आलंय? कंपनीचं, दुकानाचं नाव नको. घडलं ते लिहा.

निपाणीहून :
आमच्या आत्या विड्या वळतात. पेन्शनला नंबर पाहिजे म्हणून कार्ड काढलं. स्क्रीनवर सगळं इंग्रजी, पाकिटावर कन्नड. आत्यांना वाचता येतं मराठीच, तेही चष्मा सापडला तर. कशाकशाला 'हो' केलं ते दुकानातल्या पोराला ठाऊक. दुसऱ्या दिवसापासनं "लोन पाहिजे काय?" सुरू. १९०९ ला कळवून जाहिराती बंद करायला सांगितल्या, पण साध्या दहा आकडी नंबरांवरनं येणारे फोन थांबेनात. आत्या आता प्रत्येकाला "चहा झाला काय?" विचारतात. तेवढंच पुढचा लवकर ठेवतो.

टिळकवाडीहून :
आमचं उलटं. मला मिळालेला नवा नंबर आधी गोकाककडच्या कुणाचा तरी होता. बंद नंबर निदान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत म्हणे. पण बँक, गॅसवाला, शाळा, कुणाच्याच वहीतनं तो जात नाही. त्याची शिल्लक, त्याची टाकी कधी येणार, पोरीची फी किती थकली, सगळं मला कळतं. वसुलीवाला कन्नडमधनं शिव्या घालतो, मी "नानल्ला री, नानल्ला री" (तो मी नव्हे हो) करत बसतो. कंपनीच्या दुकानात गेलो तर "बँकेला सांगा". बँकेत गेलो तर "खातेदाराला घेऊन या".

खानापूरहून :
सिमसाठी कागदी केवायसी, म्हणजे झेरॉक्स घेऊन ओळख पटवणं, १ जानेवारी २०२४ पासून बंद झाली. जुन्या आधार झेरॉक्सचा गठ्ठा मात्र काउंटरखाली तसाच, सुतळीनं बांधलेला. काय करणार त्याचं विचारलं. "मालक आल्यावर विचारा."

चिकोडीहून :
माझ्या खात्यात चारशे रुपये. नेऊन नेऊन काय नेणार?

धागा काढणारा :
खात्याचं सोडा हो. त्या सिमवरनं कुणी दुसऱ्याला गंडवलं तर पोलीस पहिल्यांदा तुमच्या दारात. शिवाय एका नावावर नऊच सिम चालतात. त्यावर गेलं की २०२३ च्या दूरसंचार कायद्यात पहिल्या चुकीलाच ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. अंगठे कुणी लावून घेतले हे सिद्ध करत आपण फिरायचं. मी दोन्हींवर 'माझा नंबर नाही' केलंय. एक गेला, दुसरा अजून यादीत दिसतो.

टिळकवाडीहून :
गोकाकवाल्याच्या पोरीच्या फीची आज शेवटची तारीख. मेसेज मलाच आलाय. त्याला कळवू कसं?