स्टीरिओ फोटोग्राफी सुरू करायला दोन कॅमेरे लागतातच का?

दुहेरी
स्टीरिओ फोटो म्हणजे एकाच दृश्याचे डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी वेगवेगळे दोन फोटो; एकत्र पाहिले की चित्राला खोली येते. त्यासाठी काय लागतं, असं कोणी नवशिक्याने विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: एकसारखे दोन कॅमेरे घ्या. मला हे अजिबात पटत नाही. हातातला फोन पुरतो. डाव्या पायावर भार देऊन एक फोटो, उजव्या पायावर भार टाकून दुसरा. फोन साधारण साडेसहा सेंटिमीटर सरकला पाहिजे, म्हणजे दोन डोळ्यांमधल्या अंतराइतका. फक्त तो आत वळवू नका, दोन्ही वेळा नाकासमोर. थोडाफार तिरपेपणा, उंचीतला फरक स्टीरिओफोटोमेकर हे सॉफ्टवेअर जुळवून देतं, तेही फुकट.

रीळवाला
पुतळ्यांपुरतं ठीक आहे! झाडाखाली माणूस उभा करा. तो बिचारा श्वास रोखेल, पण मागची पानं डाव्या फोटोत एकीकडे, उजव्यात भलतीकडे. बघताना ती लुकलुकतात आणि डोळ्यांना त्रास होतो. १९४७ साली आलेल्या स्टीरिओ रिअलिस्ट या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात एका दाबात दोन्ही भिंगांतून फोटो निघायचा, ते काय हौस म्हणून? फुजीच्या २०१० च्या डब्ल्यू३ या डिजिटल कॅमेऱ्यातही तेच.

दुहेरी
त्या डब्ल्यू३ ची भिंगं ७५ मिमी अंतरावर पक्की बसवलेली. जुना ठोकताळा असा, की सगळ्यात जवळच्या वस्तूच्या अंतराचा तिसावा भाग सरकायचं. म्हणजे सव्वादोन मीटरच्या अलीकडे काही नको. ३० सेंमीवरच्या फुलाला १ सेंमी पुरे. तुमचे दोन कॅमेरे एकमेकांना चिकटवले तरी इतके जवळ येतील का?

रीळवाला
फुलाचं मान्य, तिथे ट्रायपॉड आणि स्लाइड बारच, म्हणजे कॅमेरा मोजून बाजूला सरकवायची पट्टी. पण हौशी माणूस आधी घरच्यांचे फोटो काढतो हो.

तिरपी नजर
दोघंही काढण्यावरच भांडताय. बघणार कशातून? नुसत्या डोळ्यांनी जोडी जुळवणं सगळ्यांना जमत नाही. लाल-निळ्या चष्म्यातून लाल छत्री एका डोळ्याला उजळ, दुसऱ्याला काळी, सगळा विचका. आधी दोन भिंगांचा साधा व्ह्यूअर घ्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने एकोणिसाव्या शतकातली स्टीरिओ कार्डं, म्हणजे शेजारी-शेजारी चिकटवलेल्या फोटोंच्या जोड्या, ऑनलाइन ठेवली आहेत, ती महिनाभर बघा. पुढे काहीतरी, मध्ये काहीतरी, मागे काहीतरी असल्याशिवाय खोली येत नाही, हे कॅमेरा न घेताच कळेल.

रीळवाला
बघा की. पण त्या व्ह्यूअरमध्ये पळत्या पोराचा फोटो एका फोनने कसा आणणार, तेवढं सांगा.

दुहेरी
पोर झोपल्यावर.