तापास, मेझे, चखणा : वाटून खायच्या छोट्या बश्यांना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

एका दिवाळी अंकासाठी स्पेनवरचा प्रवासलेख तपासते आहे. लेखिका ग्रानादात संध्याकाळी एका बारमधून दुसऱ्यात जातात, पेयाबरोबर आलेली छोटी बशी चौघांत संपवतात आणि पुढचा बार गाठतात. याला त्यांनी एकदा 'अल्पोपहार' म्हटलंय, एकदा 'तोंडी लावणं' आणि एकदा 'छोट्या थाळ्या'. तिन्ही खटकतात. अल्पोपहार म्हटलं की सोसायटीच्या वार्षिक सभेनंतरचा सामोसा-वेफर्स-बर्फीचा खोका डोळ्यांपुढे येतो. थाळी छोटी असली तर ती थाळी कसली? 'तापास' हा त्या बश्यांचा स्पॅनिश शब्द तसाच ठेवावा तर संगणक त्याचा 'तपास' करतो, नाहीतर 'तापस'. "आम्ही चौघांनी मिळून एक तापस संपवला" असं छापायची माझी हिंमत नाही. काही सुचतंय का?

प्रतिसाद

'तोंडी लावणं' आधी काढा. तोंडी लावायला मुळात मुख्य असं काहीतरी लागतं. पानाची डावी बाजू बघा : मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. हे सगळं भात-पोळीच्या आधाराने जगतं. कुणी नुसत्या डाव्या बाजूवर उठला तर घरात विचारतील, "बरं वाटत नाहीये का?" तापासच्या जेवणात उजवी बाजू येतच नाही. बश्या खात खात पोट भरतं, झालं जेवण.

मूळ शब्द विचाराल तर तापा म्हणजे झाकण. 'तापार' म्हणजे झाकणे. शेरी या वाइनच्या पेल्यात चिलटं पडू नयेत म्हणून वर पावाचा किंवा हॅमचा काप ठेवायचे, अशी गोष्ट दक्षिण स्पेनमध्ये, अंदालुसियात सांगतात. राजाचं नाव घालूनही सांगतात, कधी दहावा आल्फोन्सो, कधी तेरावा. दोघांच्या मध्ये सहाशेहून जास्त वर्षं आहेत, तेव्हा गोष्टीवर किती विसंबायचं ते आपलं आपण ठरवावं. झाकण हा अर्थ मात्र पक्का.

प्रतिसाद

लेखात अजून एक गोष्ट तपासा, ताई. छोटी बशी म्हणजे वाटून खायची बशी, हे समीकरण स्पेनमध्ये सरसकट लागू होत नाही. तिथे मापं तीन : तापा, मेदिया रासिओन आणि रासिओन. तापा म्हणजे दोन-चार घास, एकट्यालाही पुरत नाही. टेबलाच्या मधोमध ठेवून सगळ्यांनी काटे टाकायचे ती रासिओन. मेदिया म्हणजे अर्धी, आपल्या 'हाफ प्लेट'सारखी. (रासिओन आणि आपलं रेशन एकाच लॅटिन घरातले, पण रेशनच्या रांगेत उभा राहिलेला माणूस ऑक्टोपसच्या बशीला रेशन म्हणणार नाही.)

ग्रानादात पेय मागवलं की तापा फुकट येते, ही तिथली जुनी रीत. सेव्हियात बहुतेक ठिकाणी तापा निवडायची आणि पैसे मोजायचे. आणि बास्क प्रांतात, सान सेबास्तियानला, 'पिंचो' : पावाच्या तुकड्यावर काहीतरी रचून वर काडी टोचलेली. काही बारमध्ये शेवटी बशीतल्या काड्या मोजून बिल करतात. लेखिका तिथेही गेल्या असतील तर सगळ्याला तापास म्हणू नका, तिथले लोक नाक मुरडतात.

प्रतिसाद

चखणा! इतका सरळ शब्द असताना एवढी शोधाशोध कशाला?

प्रश्नकर्ती

चखणा माझ्याही मनात होता. पण संपादकांना तो 'परमिट रूमचा वास येणारा' वाटतो. शिवाय अर्धं जग तो 'चकणा' लिहितं आणि मग वाचकाला तिरळा माणूस दिसतो.

प्रतिसाद

वास येणारच. मुंबई दारूबंदी कायदा 1949 चा, परमिट रूम हे नावही त्या परमिटांच्या काळातलं, आणि चखणा त्याच टेबलावर वाढला. क्वार्टर बारमध्ये बसलं की न मागता येणारी ती वाटी : उकडलेले चणे, त्यावर चिरलेला कांदा, लिंबाची फोड, कधी काकडीच्या चकत्या, कधी खारे शेंगदाणे. दुसऱ्यांदा मागितली तरी वेटर देतो, तिसऱ्यांदा मागितली की तोंड वाकडं करून देतो. ग्रानादाची रीत याहून वेगळी आहे का? पेय मागवा, खाणं फुकट. उलट स्पेनमधल्या त्या प्रकाराला सगळ्यात जवळचा शब्द हाच. स्पेनमधलं असलं की संस्कृती आणि दादरमधलं असलं की वास, हे काही पटत नाही.

शुद्धलेखनाचं म्हणाल तर हिंदी 'चखना', मराठी 'चाखणे', म्हणून 'चखणा' लिहावं. बोलताना मीही चकणाच म्हणतो.

प्रतिसाद

वास येत असेल तर दारूबरोबरच्या खाण्याला संस्कृतात घरंदाज शब्द आहेत : उपदंश, अवदंश. वात्स्यायनाने कामसूत्रात नागरकाच्या, म्हणजे शौकीन शहरी माणसाच्या आपानकाचं, म्हणजे पिण्याच्या बैठकीचं वर्णन केलंय, त्यात खारट, तिखट, कडू, आंबट असे उपदंश येतात. जुन्या कोशांत याच अर्थाने 'चक्षण' हाही शब्द दिलेला आहे. चखणा-चक्षण हे साम्य पाहून संपादकांचं मन वळतंय का बघा. फक्त उपदंश छापू नका. आजच्या मराठीत तो गुप्तरोग आहे, आणि "आम्ही चौघांनी उपदंश वाटून घेतला" हे तापसापेक्षा वाईट.

प्रतिसाद

हसून हसून पुरेवाट!

मी कामानिमित्त इस्तंबूलला राहिले आहे, म्हणून मेझेबद्दल, म्हणजे तिथल्या वाटून खायच्या छोट्या बश्यांबद्दल लिहिते. फारसीत 'मझे' म्हणजे चव. तोच शब्द तुर्कीत 'मेझे' झाला, ग्रीकांकडे 'मेझेस', आणि आपल्याकडे 'मजा'. आपण त्यातली चव सोडून दिली आणि आनंद तेवढा ठेवला. हिंदीवाले अजून 'मज़ा चखाना' म्हणतात, तेव्हा त्यात चव शिल्लक आहे.

मेझे मिळतात त्या जागेला तिथे 'मेहाने' म्हणतात. तो आपल्या गझलांमधला मैखाना, आणि त्यातला 'खाना' दवाखान्यातला नि कारखान्यातला. मेन्यूकार्ड बहुधा हातात पडत नाही. वेटर एक भलामोठा ट्रे घेऊन येतो, त्यात थंड मेझेच्या बश्या : पांढरं चीज, भाजलेल्या वांग्याचं भरीत, दह्यात लसूण घालून केलेलं घट्ट 'हायदारी', द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात. बोट दाखवायचं, ती बशी टेबलावर येते. मग गरम बश्या, तळलेल्या कालामारीसारख्या (म्हणजे माकूल). शेवटी भूक उरली तर मासा. राकीत, म्हणजे तिथल्या दारूत, पाणी ओतलं की ती दुधासारखी पांढरी होते, तिला ते सिंहाचं दूध म्हणतात. हे सगळं तीन-चार तास चालतं. मधे कुणी "मेन कोर्स कधी?" विचारलं तर तो पर्यटक समजायचा.

मेझे हा शब्द मराठीत तसाच घ्यावा असं माझं मत. परका नाहीच तो.

प्रतिसाद

मला वाटतं आपण बशीला शब्द शोधतोय आणि वाटून खाण्याकडे कुणाचं लक्षच नाही. तिथे मराठी अजिबात गरीब नाही. अंगतपंगत आहे : प्रत्येकाने डबा आणायचा, गोल बसायचं, सगळ्यांचं सगळ्यांनी खायचं. सप्ताहाच्या शेवटचा काला आहे, लाह्या-दही-लोणचं एकत्र. आणि हॉटेलातलं म्हणाल तर 'वन बाय टू'. एक मंचाव सूप, वन बाय टू, वेटर दोन वाट्यांत निम्मं निम्मं करूनच आणतो. हे इंग्रजीसारखं दिसलं तरी इंग्रजांना कळायचं नाही.

पण फरकही आहे. वन बाय टूमध्ये वाटणी स्वयंपाकघरात होते, टेबलावर भांडण नको म्हणून. तापास-मेझेमध्ये बशी मधोमध असते आणि सगळ्यांचे काटे त्यातच. आपल्याकडच्या उष्ट्याच्या हिशोबात हे बसत नाही. माझी आत्या अशा ठिकाणी आधी एक रिकामी बशी मागवते, चमच्याने आपला वाटा काढून घेते आणि मगच बाकीच्यांना हात लावू देते. अंगतपंगतीतही आपण दुसऱ्याच्या डब्यातलं आपल्या झाकणात काढून घ्यायचो.

प्रतिसाद

झाकणात! म्हणजे तापाच की.

शेवटच्या तुकड्याला मराठीत काय म्हणतात हो? सगळे बघत बसतात आणि कुणी घेत नाही, तो. स्पेनमध्ये त्याला 'लाजेचा' म्हणतात, आणि जपानात ओसाका-क्योटोकडे 'संकोचाचा गोळा'.

प्रतिसाद

रूढ शब्द ऐकलेला नाही. 'भिडेचा घास' म्हणायला हरकत नसावी. पण आपल्याकडे तो उरतच नाही, यजमान "एवढं संपवून टाक रे" म्हणत सगळ्यात लहान मुलाच्या पानात टाकतो. भीड यजमानाच्या आग्रहावर मात करेल तर शब्द लागेल ना.

प्रतिसाद

आणि कॉन्ट्री काढताना? टीटीएमएम तिथे चालतच नाही. तुझं तू, माझं मी म्हणायला कोणाचं काय होतं तेच कळत नाही. शाकाहारी माणूस दोन बश्या ऑलिव्ह खाऊन सहा बश्या माशांचे पैसे देतो. अनुभवाचे बोल.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. असं ठरवलंय : पहिल्यांदा 'तापास, म्हणजे स्पॅनिश चखणा', पुढे सगळीकडे नुसतं तापास. सान सेबास्तियानच्या भागात पिंचो. अल्पोपहार आणि थाळ्या गेल्या. संपादकांना चक्षण दाखवला, त्यांनी चष्मा काढून पुन्हा वाचला आणि चखण्याला हो म्हणाले. आता एकच अडकलंय. लेखिकेने 'तापासे मागवली' लिहिलंय. चालेल?

प्रतिसाद

नको. तापास हे आधीच अनेकवचन आहे, त्यावर आणखी प्रत्यय नको. एक तापा, दोन तापास. लिंग स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी आहे, मराठीतही 'ती तापा' ठेवा, बशीशी जुळतं. 'तापास मागवल्या' लिहा. आणि छपाईला जाण्यापूर्वी 'तपास' एकदा शोधून घ्या, एखादा राहिलेलाच असतो.