ज्येष्ठ चालकाला सुपरवायझर करण्याआधी माणसं सांभाळण्याचं प्रशिक्षण सक्तीचं हवं का?

डेपोतली_सकाळ
वाहतुकीत बढती बहुतेक ठिकाणी अजूनही ज्येष्ठतेनेच मिळते. पंचवीस वर्षं विनाअपघात गाडी चालवली की एके दिवशी हातात ड्युटी चार्ट येतो आणि त्यासोबत साठ माणसं. शिकवलेली असते ती फक्त गाडी.

आता तर कामच बदललंय. डिझेल काही मिनिटांत भरून व्हायचं, इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी चार्ज व्हायला तास लागतात. म्हणजे कुठली गाडी कधी बाहेर काढायची हे गणित नव्याने मांडावं लागतं. टेलिमॅटिक्समुळे, म्हणजे गाडीची माहिती दूरवर पाठवणाऱ्या यंत्रणेमुळे, चालकाने जोरात मारलेला प्रत्येक ब्रेक पडद्यावर दिसतो. त्यावरून दरडावलं, तर उद्या समोर मूल आलं तरी तो ब्रेक मारताना कचरेल. आधी 'काय झालं होतं?' हे विचारायला शिकवावं लागतं. म्हणून पदभार देण्याआधी प्रशिक्षण सक्तीचं करा.

स्टेअरिंग
असहमत. मी लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. आमचे साहेब दोन दिवसांचं शिबिर करून आले, बोलणं गोड झालं, ड्युट्या तशाच राहिल्या. युरोपीय संघात साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते. असा नियम असला की साहेब शिकलेला असो-नसो, चालकाला थांबता येतं.

वर्कशॉप
नियम हवेतच, पण ते पुरत नाहीत. स्पेनचं टेनेरीफ बेट, १९७७. धुक्यात धावपट्टीवर दोन जम्बो विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. उड्डाणासाठी धावताना केएलएम या डच कंपनीच्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, दुसरं विमान धावपट्टीवरून हटलंय ना? कॅप्टनने ठामपणे 'हो' म्हटलं आणि विषय संपला.

स्टेअरिंग
तो कॅप्टन तर त्या कंपनीचा नावाजलेला प्रशिक्षक होता! मग प्रशिक्षणाने काय वाचवलं?

वर्कशॉप
ते विमान उडवण्याचं प्रशिक्षण होतं. हाताखालच्या माणसाचं ऐकण्याचं प्रशिक्षण अशा अपघातांनंतर उभं राहिलं. १९७९ मध्ये नासाने त्यावर कार्यशाळा घेतली. पुढे १९८९ मध्ये अमेरिकेत सू सिटीजवळ एका विमानाची हायड्रॉलिक यंत्रणा पूर्ण बंद पडली. कॅप्टनने प्रवासी म्हणून बसलेल्या वैमानिक-प्रशिक्षकाला कॉकपिटमध्ये घेतलं आणि इंजिनांचे थ्रॉटल त्याच्या हाती दिले. २९६ पैकी १८४ जण वाचले. त्या कॅप्टननेच नंतर याचं श्रेय या प्रशिक्षणाला दिलं.

डेपोतली_सकाळ
मला हेच म्हणायचं होतं. दोन दिवसांचं शिबिर नको. पहिले सहा महिने अनुभवी सुपरवायझरसोबत पाळी करू द्या.

स्टेअरिंग
इंजिनिअरचं उदाहरण पटलं. पण बोलणाऱ्याचं पुढे काय होतं? आमच्याकडे टायर गुळगुळीत झालाय म्हणून एकाने गाडी काढायला नकार दिला, तर त्याला आठवडाभर रात्रपाळी लागली. तीही शिबिर केलेल्या साहेबांनीच लावली. नकाराचा हक्क आधी लेखी द्या, मग तुमच्या प्रशिक्षणाला माझा विरोध नाही.