नेलपॉलिश: बाटलीत एक रंग, नखावर दुसरा (अनुभव लिहा)

मोरपिशी

काल तुळशीबागेत काउंटरवर मरूनच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या दिसल्या आणि आईचं नेलपॉलिश आठवलं. आमच्याकडे ते फक्त लग्नकार्याला निघायचं. आई आधी माझ्या करंगळीला लावायची, मग स्वतःला. तो रंग मला अजून तंतोतंत सांगता येतो: विटकरीकडे झुकणारा मरून, अजिबात चमकी नाही, दुसऱ्या कोटला नख पूर्ण झाकलं जायचं. बाटलीवरचं लेबल पुसून गेलं होतं, त्यामुळे कंपनी कुठली ते घरात कुणालाच माहीत नाही. तो शोधता शोधता मरून जमत गेले आणि आता कपाटाचा एक कप्पा त्यांचाच आहे.

इतक्या मरूनमधून कळलं ते असं. मरून म्हणून जे विकतात त्यातले काही विटकरी निघतात, काही वांगी, काही चक्क चॉकलेटी. बाटलीत सगळे सारखेच काळपट दिसतात, कारण काचेत रंगाचा थर जाड असतो. खरा रंग पातळ थरात दिसतो. म्हणून मी प्लास्टिकच्या नखांच्या काड्या आणल्यात. प्रत्येक काडीवर एका टोकाला एक कोट, दुसऱ्या टोकाला दोन. आधी सकाळी खिडकीत बघायचं, मग रात्री ट्यूबखाली. ट्यूबच्या उजेडात गडद लाल कमी असतो, तिथे विटकरी मरून बिचारा तपकिरी होऊन बसतो.

सगळ्यात आवडती जोडी सांगते. शनेलचा १९९४ चा रूज नॉयर आणि ओपीआयचा लिंकन पार्क आफ्टर डार्क. लांबून दोन्ही काळे, आणि बहिणीने तर 'एकच रंग दोनदा का घेतलास' असं विचारलंच. उन्हात नेऊन दाखवल्यावर गप्प झाली. नखाच्या कडेला, जिथे थर पातळ असतो, तिथे पहिल्यातून लाल डोकावतो आणि दुसऱ्यातून जांभळा. त्या कडेसाठीच मी तुलना करते.

तुम्हीही लिहा. किती कोट, कुठला उजेड, आणि हात गोरा, गव्हाळ की सावळा तेही लिहा, नाहीतर रंग कळत नाही.

सातारची सून

मस्त धागा!! माझ्याकडे फक्त लाल. सासूबाई रोज सकाळी विचारतात आज कुठलं क्युटेक्स, आणि त्यांच्या नजरेला लालातला फरक माझ्याआधी कळतो. कुकर लावलाय, येतेच.

हळदीचं पान

न्यूड, पीच, बेबी पिंक घेणाऱ्यांसाठी. परदेशी रिव्ह्यूत हे कुणी लिहित नाही कारण ते हाताने वरणभात खात नाहीत. फिका रंग, त्यावर टॉपकोट नसेल तर एका आमटीत उजव्या हाताची तीन नखं पिवळी. डाव्या हाताची तशीच. मी प्रत्येक फिक्या रंगाची आमटी-परीक्षा घेते, म्हणजे लावायचं, पूर्ण वाळू द्यायचं (दोन तास तरी, वरून कोरडं वाटलं तरी आत ओलं असतं) आणि मग नेहमीसारखं जेवायचं. मॅट फिनिश सगळ्यात लवकर पिवळं पडतं. चकचकीत टॉपकोटचे दोन थर असतील तर बऱ्यापैकी वाचतं.

पडलाच डाग तर लगेच पुसून टाकू नका. गच्चीत उन्हात बसा थोडा वेळ. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, डाग बराच उतरतो. कपड्यांचं तेच की.

भूल देते

@हळदीचं पान, आमटी-परीक्षा हा शब्द उचलला 😄

मी भूलतज्ज्ञ. कामावर नखं कायम कोरी, रंग सुट्टीत. पण इतरांच्या नखांशी रोजची गाठ. ऑपरेशनआधी नेलपॉलिश काढायला सांगतात त्याचं कारण बऱ्याच जणींना कुणी सांगतच नाही. बोटाला जो चिमटा लावतो तो लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून पलीकडे पाठवतो आणि त्यावरून रक्तातला ऑक्सिजन मोजतो. मधे रंग आला की आकडा चुकू शकतो. काळा, निळा, हिरवा जास्त त्रास देतात, लाल त्यामानाने कमी. करोनात घरोघरी ऑक्सिमीटर आले तेव्हा कितीतरी फोन यायचे, आकडा कमी येतोय म्हणून. पहिला प्रश्न मी हाच विचारायचे, नखाला काही लावलंय का.

एक आजी आल्या होत्या मोतीबिंदूसाठी. दहाही नखं गुलाबी, कडेला कातडीवर आलेलं, उघडच लहान मुलाचं काम. सिस्टर कापूस घेऊन आल्या तर आजींनी मुठी मिटून घेतल्या. नातीने लावलंय म्हणाल्या, ती संध्याकाळी बघायला येणार. आम्ही एकाच बोटाचं काढलं. चिमट्याला तेवढं पुरतं.

निळी शाई

आजींचं वाचून भरून आलं. त्या सिस्टरना नमस्कार सांगा.

कोल्हापूरकरीण

नवरात्राचे नऊ रंग!! कुणीच कसं नाही लिहिलं अजून

आमच्या ऑफिसात साडीबरोबर नखंसुद्धा. नऊ दिवस रोज बदलायचं म्हणजे रिमूव्हरने नखं पांढरी कोरडी पडतात, म्हणून मी रात्री खोबरेल चोळते आणि बेसकोट चुकवत नाही. लाल, पिवळा, हिरवा कुठेही मिळतात. पिवळा मात्र तीन कोटांशिवाय बसत नाही, पट्टे पट्टे दिसतात, पहिला कोट पांढऱ्याचा दिला तर दोनात भागतं. पांढऱ्याचं हळदीचं पान यांनी सांगितलंच, त्यातून उपासाचे दिवस म्हणून वाचतं 😊

खरी परीक्षा राखाडीची. गव्हाळ-सावळ्या हातावर राखाडी शोधताना माझी दमछाक होते. ज्यात पांढरं जास्त ते लावलं की हात राखेत बुडवल्यासारखा दिसतो. ज्यात निळ्याची छटा आहे तो सुंदर दिसतो, आणि ज्यात किंचित जांभळा आहे तो त्याहून. दुकानात बाटली पांढऱ्या कागदावर ठेवून बघा, कागदाशेजारी राखाडीतली छटा लगेच कळते. महाद्वार रोडला माझा दुकानदार मला आता कागद आणि बाटल्या न मागता देतो.

मोरपंखी हा माझा लाडका. त्यात दोन जाती. एक सपाट, हिरवा-निळा मिसळलेला, तो पैठणीवर जातो. दुसरा दुरंगी, बोट वळवलं की निळ्याचा हिरवा, हिरव्याचा जांभळट. दुरंगीखाली काळ्याचा एक कोट द्या आणि बघा काय होतं. नुसता लावला तर काचेसारखा पारदर्शक राहतो, काळ्यावर लावला की रंग पेटतो. त्यातला अभ्रक काही रंगांचा प्रकाश परत फेकतो आणि खालचा काळा बाकीचा गिळतो, म्हणून.

मोरपिशी

कोल्हापूरकरीण, माझं नाव काय आहे बघा 😀 काळ्यावरचा मोरपंखी माझाही. पण फोटोत कधी येतच नाही तो.

निळी शाई

फोटोवर मी बोलते. फोन जांभळ्याचा निळा करतो आणि मोरपंखी-टीलचाही निळा. लोक म्हणतात रंग खोटा निघाला, रंग बरोबर असतो, फोनने तो ओढलेला असतो. चेहऱ्याशेजारी हात धरून काढा, त्वचेचा रंग फोनला बऱ्यापैकी कळतो, मग तो नखंही नीट पकडतो. निऑनचा नाद सोडा. निऑन डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाशसुद्धा खातो आणि रंगीत करून बाहेर टाकतो, म्हणून तो भोवतालापेक्षा उजळ दिसतो. कॅमेऱ्यात तो नुसता फिका येतो. निऑनची तुलना प्रत्यक्ष डोळ्यांनीच, दुपारी.

रेडिओदुरुस्ती

पुरुषांनी लिहिलेलं चालेल ना? सौ.च्या जुन्या बाटल्या माझ्या टेबलावर असतात. रेडिओत बारीक स्क्रू असतात, एकदा फिरवून जुळवले की हलता कामा नयेत. त्यावर नेलपॉलिशचा एक थेंब. लालच लागतो, कारण स्क्रू हलला तर थेंबाला तडा जातो आणि लालावर तो लांबून दिसतो. ही रेडिओवाल्यांची जुनी पद्धत. आणि नातं लांबचं नाही, १९२० च्या दशकात मोटारींना जो नायट्रोसेल्युलोजचा झटपट वाळणारा रंग आला, आजचं नेलपॉलिश त्याच रसायनावर उभं आहे. सौ.ने दिलेला एक बदामी रंग मी चार किल्ल्या ओळखायला वापरतो.

वाळत आलेल्या बाटल्या टाकू नका, मला सांगा.

सातारची सून

आले. कुकर, डबे, सगळं झालं.

लालाची गंमत अशी की तो एकतर केशरीकडे जातो नाहीतर गुलाबी-निळ्याकडे, मधला लाल फार थोड्या कंपन्यांना जमतो. माझा हात सावळा. सासूबाई गोऱ्या. एकच बाटली दोघी लावतो, मग ओट्याशी हात शेजारी शेजारी ठेवतो. निळसर लाल त्यांच्या हातावर थंड, जरा कडक दिसतो, माझ्यावर तोच भारदस्त. केशरी लाल माझ्यावर खुलतो. ओपीआयचा आय ॲम नॉट रियली अ वेट्रेस हा एकच दोघींना शोभतो, १९९९ चा आहे तो, लालात बारीक चकाकी, उजेडाप्रमाणे मरूनही होतो. भाची अमेरिकेहून आणते. सासूबाईंनी त्याला 'डाळिंब' नाव दिलंय आणि घरात तेच चालतं.

न्यू जर्सीची

सातारची सून, ओपीआय आधी दातांच्या डॉक्टरांना सामान पुरवायची, माहीत आहे? १९८१ नंतर नखांकडे वळली. आणि रेव्हलॉन १९३२ मध्ये नेलपॉलिशवरच सुरू झाली, लिपस्टिक नंतर आली. ओठ आणि बोटं एकाच रंगाची, ही त्यांचीच जाहिरात. फायर अँड आइस १९५२ चा. इथे माझ्या शेजारच्या आजी (८० पार) अजून दोन्ही जुळवूनच बाहेर पडतात, अगदी कचरा टाकायलासुद्धा. मला फार आवडतं ते.

पेन्शनर ताई

१९५२ म्हणजे आपल्या लॅक्मेचंही साल. टाटांनी सुरू केलं. मी पहिल्या पगारात दोन वस्तू घेतल्या, वडिलांना पंचा आणि मला लॅक्मेची एक बाटली. मोतिया गुलाबी. बँकेत नोटा मोजताना तीच नखं समोर यायची आणि दिवस बरा जायचा. साहेब एकदा म्हणाले नखांकडे बघता की नोटांकडे. मी म्हटलं दोन्हीकडे, हिशोब चुकला तर सांगा. चुकला नाही.

निळी शाई

😂😂 ताई __/\\__

नाझ

रत्नागिरी. आमच्याकडे गोष्ट वेगळी. नमाजाआधी वजू करताना पाणी नखाला पोचायला हवं आणि नेलपॉलिश पाणी अडवतं. म्हणून महिन्यात ज्या दिवसांत नमाज नसते तेवढेच दिवस लावायचं. कॉलेजात नखं रंगवून गेलं की मैत्रिणींना सगळं कळायचं, मला फार संकोच व्हायचा. नाहीतर मेंदी, ती चालते कारण तिचा थर बसत नाही.

मग पोलंडच्या इंग्लॉट कंपनीचं ओटूएम आलं, पाण्याची वाफ आणि हवा जाऊ देणारं. त्यावरून आमच्या घरी दोन मतं आहेत. मामी म्हणतात चालतं, अम्मी म्हणतात मनाला शंका राहते तर नको. मी अम्मीचं ऐकते पण बाटली ठेवली आहे. रंग फिका जांभळा, दोन कोटांत बसतो, गव्हाळ हातावर छान दिसतो. ईदच्या आदल्या रात्री मात्र मेंदीच.

भूल देते

नाझ, किती नितळ लिहिलंय. मेंदीचा गडद रंगही कधीकधी आमच्या चिमट्याला नडतो, तेव्हा कानाच्या पाळीला लावतो.

म्युनिकहून

जेलवर (दिव्याखाली घट्ट होणारं नेलपॉलिश) कुणी लिहिलं नाही म्हणून. घरी दिवा आणून जेल करत होते, काही महिन्यांनी बोटांची टोकं खाजायला लागली, कातडी तडकली. त्वचेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं ॲक्रिलेटची ॲलर्जी. न वाळलेलं जेल कातडीला लागत राहिलं की होते, आणि ती पुढे जन्मभर राहू शकते, दातांच्या कामातही हेच पदार्थ असतात. युरोपात १ सप्टेंबर २०२५ पासून टीपीओ नावाचा जेल घट्ट करणारा घटक बंद केलाय, तो वेगळ्या कारणासाठी. आता मी साधंच लावते. साध्यात रंगही जास्त आहेत, खरं तर. जेल करणाऱ्यांनी कातडीला लागू देऊ नका एवढंच. बाळ उठलं, जाते.

हळदीचं पान

बापरे. काळजी घे गं.

कोल्हापूरकरीण

घट्ट झालेल्या बाटलीत काय घालता? माझा राखाडी आटलाय आणि तो रंग आता मिळत नाही 😭

मोरपिशी

रिमूव्हर घालू नका. पहिल्या दिवशी पातळ होतं, नंतर रंग फुटतो, लावलं की खरबरीत. नेलपॉलिश थिनर म्हणून मिळतं, त्यात ब्युटाइल आणि इथाइल ॲसिटेट असतात, म्हणजे बाटलीतून उडून गेलेलंच परत घालायचं. दोन-तीन थेंब, मग तळव्यांमध्ये बाटली फिरवा. जोरात हलवू नका, बुडबुडे येतात. तासभर थांबून अजून एक थेंब लागतो का बघा. आणि झाकण लावण्याआधी बाटलीची मान पुसा, तिथे वाळलेलं साठलं की झाकण नीट बसत नाही आणि हवा जात राहते.

कोल्हापूरकरीण

लगेच आणते. राखाडीची काडी रंगवून ठेवते, कुणाला जुळता सापडला तर कळवा.

रेडिओदुरुस्ती

माझ्या बाटल्यांचं काय ठरलं? कुरियरने पाठवा म्हटलं असतं, पण हे पेट घेणारं सामान, विमानाच्या कुरियरने घेत नाहीत.

सातारची सून

काका, पुढच्या महिन्यात पुण्याला येतेय, सासूबाईंच्या दातांसाठी. पाच-सहा लाल आहेत, तळाला गेलेले. अप्पा बळवंत चौकात भेटू, डाळिंब सोडून सगळे तुमचे.